कोपरखैरणेतील एका घराचा बिछाना : मर्यादित खर्चातील बदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतील कोपरखैरणे येथे राहणाऱ्या चार माणसांच्या कुटुंबाचे आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील महापे येथे मालवाहतुकीच्या कार्यालयात नोकरीला आहेत, आई सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, मुलगी सहा वर्षांची आहे आणि आजी सातारा जिल्ह्यातील गाव सोडून काही वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आल्या आहेत. घर सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. झोपण्याची खोली एकच असून हॉलमध्ये आजींचा दिवाण आहे.

घरातील बिछाना तीन प्रकारचा होता. आई-वडिलांच्या पलंगावर आठ-नऊ वर्षे वापरलेली, मधोमध खचलेली फोमची दुहेरी गादी होती. आजी गावाहून आणलेल्या कापसाच्या गादीवर झोपत असत आणि तशाच आणखी दोन गाद्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या होत्या. मुलगी पहिलीत गेल्यावर जानेवारीत तिच्यासाठी त्याच खोलीत खाली सामान ठेवायची सोय असलेला बॉक्सचा पलंग आणि गुंडाळी करून खोक्यातून येणारी फोमची नवी गादी घेण्यात आली. गादीवरचे कारखान्यातील प्लास्टिक, ती मळू नये म्हणून, तसेच राहू दिले होते. त्यावर मेणकापड आणि मेणकापडावर चादर अशी रचना होती. आपल्याकडे अनेक घरांत हीच रचना असते, त्यामुळे त्यात कोणाला काही खटकले नाही.

अडचण

फेब्रुवारीपासून दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. मुलीच्या कोपऱ्यात एक उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला आणि मुलगी सकाळी उठल्याबरोबर सलग शिंकू लागली. नाक चोंदणे आणि डोळे चोळणे हेही सुरू झाले. आईने या दोन गोष्टींची सांगड घालून नव्या गादीला दोष दिला. मोबाइलवर वाचलेल्या मजकुरातून तिचे मत असे झाले की फोम म्हणजे विष आणि त्यावर एकमेव उपाय म्हणजे संपूर्ण सेंद्रिय गादी. वडिलांचे म्हणणे असे होते की वास बाहेरून येतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा जवळ असल्याने रात्री रसायनांचा वास येत असल्याची तक्रार या भागात जुनीच आहे आणि त्यासाठीच ते रात्री खिडकी घट्ट लावून घेत असत.

सेंद्रिय रबराची, प्रमाणपत्र असलेली दुहेरी गादी कुटुंबाला साठ हजारांच्या पुढे सांगण्यात आली. त्यांच्या हाताशी सर्व मिळून ₹३०,००० होते आणि त्यातच मुलीची गादी, दुहेरी गादी, चादरी आणि उशा बसवायच्या होत्या. या टप्प्यावर त्यांनी हप्त्यावर गादी घेण्याचा विचार जवळपास पक्का केला होता.

या प्रकरणाचा खरा गुंता पैशात नव्हता. तीन वेगवेगळे प्रश्न एकाच शब्दाखाली बांधले गेले होते. खोलीतल्या हवेत काय मिसळते आहे, हा एक. मुलगी कशामुळे शिंकते, हा दुसरा. कापूस किंवा रबर कसे पिकवले, हा तिसरा. ‘सेंद्रिय’ या शिक्क्याने प्रामुख्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते, पहिल्याचे अंशतः मिळते आणि दुसऱ्याचे जवळजवळ मिळतच नाही. साठ हजारांची गादी आली असती तरी मुलगी शिंकतच राहण्याची शक्यता मोठी होती.

पहिला निर्णय : आधी वासाचे मूळ शोधणे

खरेदी थांबवून वासाचा शोध घ्यावा, हे आजींच्या आग्रहामुळे ठरले. पद्धत अगदी साधी होती. फोमची गादी प्लास्टिक काढून बाल्कनीत उभी करून ठेवली, मुलगी काही दिवस आजींजवळ झोपली आणि तिचा पलंग नुसता, रिकामा राहिला. पाच-सहा दिवसांनी गादीचा वास बराच उतरला, पण खोलीतल्या कोपऱ्यातला वास कमी होण्याचे नाव घेईना. तेव्हा पलंगाचा बॉक्स उघडण्यात आला.

बॉक्समध्ये हिवाळ्यातील रजया, सोलापुरी चादरी आणि त्यांच्यामध्ये सढळ हाताने टाकलेल्या डांबर गोळ्या निघाल्या. मुलीच्या उशीखाली जेमतेम एका फळीच्या अंतरावर त्या होत्या. डांबर गोळ्यांतील नॅफ्थलीन खोलीच्या तापमानालाच सरळ वायुरूप होते आणि ते श्वासातून शरीरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या २ब गटात ठेवले आहे. ज्या मुलांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. या गोळ्या सुती कपड्यांसाठी मुळात अनावश्यकही होत्या. कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या लोकर आणि रेशमावर जगतात, सुतावर नाही. कसर लागते ती मुख्यतः खळीमुळे आणि ओलसरपणामुळे, तेव्हा चादरी खळ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवल्या की बहुतेक काम होते.

गोळ्या काढल्यावरही एक आंबूस, नाकात चढणारा वास उरला. तो बॉक्सच्याच फळ्यांचा होता. अशा स्वस्त पलंगांच्या फळ्या लाकडाचा भुसा आणि कपच्या युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या चिकद्रव्याने दाबून बनवलेल्या असतात. त्यांतून फॉर्माल्डिहाइड कित्येक महिने हळूहळू सुटत राहते, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्त सुटते. सनमायका लावलेल्या बाजूने ते अडते, पण आतल्या बाजूच्या कापलेल्या कडा उघड्याच होत्या. फॉर्माल्डिहाइड हे त्याच संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाचे कारण म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांत येते. खोलीतले त्याचे प्रमाण कुटुंबाने मोजलेले नाही, त्यामुळे त्याचा धोका किती होता याबद्दल काही म्हणणे योग्य होणार नाही. मात्र डोळ्यांना झोंबणे हा त्याचा ओळखीचा परिणाम आहे.

फोमच्या बाजूने एवढे सांगणे न्यायाचे ठरेल की पॉलियुरेथेन फोम ज्या आयसोसायनेट रसायनांपासून बनतो ती कारखान्यातील कामगारांच्या श्वसनमार्गाला घातक असली, तरी तयार फोममध्ये त्यांची रासायनिक क्रिया होऊन गेलेली असते. नव्या गादीतून उडणारे इतर पदार्थ पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतात आणि नंतर उतरत जातात. गुंडाळलेली गादी प्लास्टिकसकट वापरणे आणि खिडकी रात्रभर बंद ठेवणे, या दोन्हींमुळे ही उतरण लांबली होती. वडिलांचा बाहेरच्या वासाचा मुद्दा खोटा नव्हता, पण त्यावर त्यांनी काढलेल्या उपायाने आतला वास आतच कोंडला जात होता.

या सगळ्या शोधाचा खर्च शून्य होता. घरात त्यानंतर जे काही घडले त्यात सर्वाधिक फायदा याच टप्प्याचा झाला, असे माझे मत आहे.

दुसरा निर्णय : शिंकांचे कारण वेगळे तपासणे

वास बराच ओसरल्यावरही सकाळच्या शिंका चालूच राहिल्या. बालरोगतज्ज्ञांनी ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करून घ्यायला सांगितले. त्यात धुळीतील सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी स्पष्ट दिसली.

हे किडे चावत नाहीत आणि डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. माणसाच्या गळलेल्या त्वचेच्या कणांवर ते जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शरीरात ओढून घेतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली की ते तग धरत नाहीत. खाडीकाठच्या नवी मुंबईत जून ते सप्टेंबर ही गोष्ट घडणे अशक्य आहे. कुटुंबाने पुढे एक साधा आर्द्रतामापक आणला, त्यात जुलैमध्ये खोलीतील आकडा ८५ च्या आसपास राहिला. ॲलर्जी होते ती मुख्यतः किड्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची, आणि ती वर्षानुवर्षे वापरलेल्या गाद्या-उशांत साचत जातात. म्हणजे संशय नव्या गादीवर होता, पण अधिक मोठा साठा त्याच खोलीतील जुन्या दुहेरी गादीत आणि मुलीला दिलेल्या जुन्या उशीत असण्याचा संभव होता.

येथे आईच्या मूळ भूमिकेला धक्का बसला. नैसर्गिक कापूस किंवा सेंद्रिय रबर यांत किडे होत नाहीत असे काही विक्रेते सांगतात, पण किड्यांना गादी कशी पिकवली याच्याशी देणेघेणे नसते. त्यांना ऊब, ओल आणि अन्न मिळाले की पुरते. डॉक्टरांनी सुचवलेली किडे अडवणारी खोळ तर चक्क पॉलिएस्टरची, दहा मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांची, घट्ट विणीची होती. कृत्रिम धाग्यापासून दूर जायचे ठरवून सुरू केलेल्या प्रवासात मुलीच्या गादीला नखशिखांत कृत्रिम खोळ घालायची, हे आईला काही दिवस पटले नाही. शेवटी मध्यम मार्ग निघाला. प्लास्टिकचा थर चिकटवलेली किंवा ‘किडेरोधक’ औषध मारलेली खोळ टाळायची, नुसत्या घट्ट विणीची घ्यायची आणि तिच्यावर सुती चादर घालायची. केवळ खोळीने त्रास कमी होतो असे मोठ्या वैद्यकीय चाचण्यांत दिसलेले नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट केले होते. तिच्यासोबत चादरी व अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणे आणि बिछान्याची ओल कमी ठेवणे आवश्यक होते.

तोललेले पर्याय

सेंद्रिय रबराची गादी यादीतून बाद झाली ती केवळ किमतीमुळे. हप्त्यावर घेतली असती तर पुढचे दीड वर्ष चादरी, उशा आणि पलंगाच्या फळ्या यांसाठी काहीच उरले नसते.

‘ऑरगॅनिक’ असा शिक्का असलेली वीस-बावीस हजारांची एक गादी मोहात पाडणारी होती. तिची माहिती बारकाईने वाचल्यावर कळले की सेंद्रिय आहे ते वरचे कापड, आतमध्ये फोमच आहे. प्रमाणपत्रांचा अर्थ समजून घेण्याची वेळ याच गादीमुळे आली. गॉट्स हे कापडासाठीचे मानक आहे. त्यात ‘सेंद्रिय’ हा दर्जा मिळण्यासाठी किमान ९५ टक्के आणि ‘सेंद्रिय धाग्यापासून बनवलेले’ या दर्जासाठी किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो, शिवाय रंग आणि प्रक्रियेतील रसायनांवरही बंधने असतात. गोल्स हे रबराच्या चिकापासून बनवलेल्या फोमसाठी आहे. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० मध्ये तयार वस्तूतील घातक पदार्थ तपासले जातात, त्याचा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही आणि त्यातील पहिला वर्ग तान्ह्या मुलांच्या वस्तूंसाठी सर्वांत कडक असतो. सर्टिपूर-यूएस हे तर पॉलियुरेथेन फोमसाठीच आहे. ज्या घराचा प्रश्न हवेतील आणि त्वचेला लागणाऱ्या रसायनांचा आहे त्या घराला ओको-टेक्सचा साधा सुती पलंगपोस पुरतो, आणि तो सेंद्रिय पलंगपोसापेक्षा बहुधा स्वस्त असतो. हा फरक कळल्यावर अंदाजपत्रकातील बराच ताण सैल झाला.

शिक्क्यावर नुसता विश्वास टाकणेही बरोबर नव्हते. २०२० मध्ये गॉट्स चालवणाऱ्या संस्थेनेच भारतातील सुमारे २०,००० टन कापसाच्या व्यवहारांत बनावट प्रमाणपत्रे वापरली गेल्याचे उघड केले होते. म्हणून कुटुंबाने नियम केला की चिठ्ठीवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असला पाहिजे, आणि तो गॉट्सच्या सार्वजनिक यादीत सापडला पाहिजे. दोन विक्रेते या साध्या मागणीनंतर बोलायचे थांबले.

मग सेंद्रिय घ्यावेच कशाला, असा प्रश्न वडिलांनी विचारला आणि तो रास्त होता. कताई, धुलाई आणि विरंजनाच्या प्रक्रियेत कीटकनाशकांचा बहुतेक अंश निघून जातो, त्यामुळे झोपणाऱ्याच्या दृष्टीने साध्या आणि सेंद्रिय चादरीत फरक थोडा आहे. फरक पडतो तो शेतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही गोष्ट या घरात वर्तमानपत्रातून पोहोचलेली होती. आईने मुलीच्या चादरी सेंद्रिय घ्यायच्या ठरवल्या त्या या कारणासाठी, आणि ते कारण तिने स्वतःशी स्पष्ट केले होते. आरोग्याच्या नावाखाली केलेल्या खर्चापेक्षा असा उघड केलेला खर्च मला अधिक प्रामाणिक वाटतो.

स्थानिक गादीवाल्याकडून कापसाची गादी भरून घेणे हा पर्याय आजींचा. त्यात दोन उपपर्याय होते. माळ्यावरच्या दोन गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून घेतला असता तर कापसाचा खर्च वाचला असता. परंतु वर्षानुवर्षांची धूळ आणि किड्यांची प्रथिने पिंजण्याने जात नाहीत, उलट त्या कापसात अधिक सारखी मिसळतात. म्हणून जुना कापूस पाहुण्यांच्या गाद्यांसाठी राखला आणि मुलीसाठी नवा घ्यायचे ठरले.

दुहेरी गादीसाठी रबराचा चीक फवारून बांधलेल्या काथ्याची गादी निवडली गेली. कापसाची दुहेरी गादी वीस किलोंच्या आसपास भरते आणि ती तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर नेणे या घरात कोणालाच झेपणारे नव्हते.

केलेली कृती

गादीवाल्याच्या दुकानात कापसाची निवड करण्यात एक सकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली. तीन पोती समोर होती. सर्वांत स्वस्त, करडी छटा असलेला माल तयार कपड्यांच्या चिंध्या फाडून केलेला होता. त्यात रंगीत धागे आणि पॉलिएस्टरचे तुकडे सहज दिसत होते. दुसरा गिरणीतला वाया कापूस होता. तिसरी सरळ रुई, किंचित पिवळसर आणि सरकीची बारीक टरफले असलेली. ‘‘ताई, दुधासारखा पांढरा शोधू नका, तो धुऊन पांढरा केलेला असतो,’’ असे गादीवाल्याने स्वतःहून सांगितले. ही रुई सेंद्रिय नव्हती. २००२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून देशातील कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, वाणांखाली गेले आहे आणि गॉट्सला असे वाण चालत नाहीत, तेव्हा बाजारातली सुटी रुई सेंद्रिय असेल असे समजणे भोळेपणाचे आहे. पण ती नवी होती, एकजिनसी होती आणि तिच्यावर रंग किंवा विरंजन नव्हते. पिंजताना ती डोळ्यांसमोर पिंजली गेली.

मुलीच्या गादीला ₹२४० प्रति किलो दराने १२ किलो रुई लागली, म्हणजे ₹२,८८०. कोऱ्या मांजरपाटाची खोळ, भराई आणि टाके मिळून ₹१,४०० झाले. खोळीचे कापड आधी घरी गरम पाण्यात धुऊन खळ काढून दिले होते. किडे अडवणारी गादीची व उशीची खोळ ₹३,६००, सेंद्रिय चादरींचे दोन संच ₹४,४००, काथ्याची चार इंची दुहेरी गादी ₹१३,५०० आणि तिच्यावर टाकायची सहा किलो रुईची पातळ गादी ₹२,३४०. मुलीच्या पलंगाची वरची फळी काढून सुताराने जुन्या सागवानी चौकटीच्या पट्ट्या अंतर ठेवून बसवल्या, खालच्या फळ्यांच्या उघड्या कडा पट्टी चिकटवून बंद केल्या आणि त्याचे ₹३,२०० घेतले. एकूण ₹३१,३२०, म्हणजे ठरलेल्या रकमेपेक्षा ₹१,३२० अधिक.

मेणकापड काढून टाकले. ते मऊ पीव्हीसी या प्लास्टिकचे होते, त्यात लवचीकपणासाठी थॅलेट नावाची रसायने घालण्याची पद्धत आहे आणि मुलगी आता रात्री अंथरूण ओले करत नव्हती, तेव्हा ते ठेवण्याचे कारणच उरले नव्हते. पांघरुणासाठी आजींनी स्वतःच्या जुन्या सुती नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवली. वर्षानुवर्षे धुतलेल्या कापडात निघण्यासारखे रसायन फारसे शिल्लक राहिलेले नसते, आणि ती गोधडी यंत्रात गरम पाण्याने धुता येते, जे दुकानातल्या जाड दुलईला जमत नाही. अशी गोधडी शिवताना लुगडे खरेच सुती आहे ना हे पाहणे तेवढे आवश्यक असते.

हे सर्व एप्रिल आणि मे महिन्यांत पूर्ण झाले. रुई भरण्यापूर्वी गच्चीवर उन्हात पसरता आली, हा त्या वेळेचा फायदा. पावसाळ्यात भरलेली गादी ओल घेऊनच घरात येते.

निष्पत्ती

खोलीतला झोंबणारा वास मे अखेरीस गेला. मुलीच्या सकाळच्या शिंका जूनपर्यंत बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. याच काळात डॉक्टरांनी नाकात मारायचा फवाराही सुरू केला होता, म्हणून या सुधारणेतील किती वाटा बिछान्याचा आणि किती औषधाचा, हे सांगता येत नाही. कुटुंब ते श्रेय गादीला देते. ते मान्य करण्याचे धाडस माझ्यात नाही.

काथ्याच्या गादीत एक फसगत निघाली. दुकानात दाखवलेला कापलेला नमुना निव्वळ काथ्याचा होता, पण घरी आलेल्या गादीच्या कापडात अर्धा इंच फोम शिवलेला होता. वापरायला मऊ वाटावी म्हणून अनेक काथ्याच्या गाद्यांत असा थर देतात आणि विक्रेता त्याला फोम मानतही नाही. बिलावर फक्त ‘कॉयर मॅट्रेस’ एवढेच लिहिलेले असल्याने परत करण्याचा आग्रह धरता आला नाही. वर सुती गादी असल्याने आणि आता खिडकी दिवसभर उघडी राहत असल्याने त्यांनी ती ठेवून घेतली.

पावसाळा जड गेला. मुलीच्या पलंगाला पट्ट्या असल्याने तिची गादी खालून हवा घेत राहिली, शिवाय ती रोज तासभर पंख्याखाली उभी केली जात असे. आई-वडिलांच्या पलंगाची फळी मात्र सलग होती. ऑगस्टमध्ये काथ्याच्या गादीच्या खालच्या बाजूला, भिंतीकडच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसले. कोरड्या फडक्याने पुसून, गादी उलटून आणि सुताराकडून फळीला भोके पाडून घेऊन तो प्रकार थांबला. रसायनांपासून मुक्त झालेल्या खोलीत बुरशी वाढली असती तर मुलीच्या नाकाला तिचाही त्रास झालाच असता.

गच्चीवर गाद्या वाळवण्यावरून सोसायटीत थोडी कुरबूर झाली. शेवटी आठवड्याचे मधले दिवस आणि दुपारी चारपर्यंतची वेळ, अशी तोडगा म्हणून परवानगी मिळाली. कापसाची गादी घेण्याआधी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिली बाब खर्चाच्या क्रमाची. जवळजवळ निम्मी रक्कम दुहेरी गादीवर गेली, आणि घरातील सर्वांत कमी निकड तिचीच होती, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण ॲलर्जीचा जुना साठा त्याच खोलीत होता आणि मुलगी सुट्टीच्या सकाळी त्याच गादीवर येऊन लोळत असे. परंतु ती गादी एका हंगामाने पुढे ढकलून दोन्ही पलंगांची फळी आधी बदलली असती, तर बुरशीचा प्रसंग टळला असता आणि काथ्याच्या गादीची चौकशी सवडीने झाली असती.

दुसरी बाब बिलाची. गादीत वरपासून खालपर्यंत कोणकोणते थर आहेत, प्रत्येक थर किती इंचांचा आहे आणि चिकटवायला काय वापरले आहे, हे बिलावर लिहून मागणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे. विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर तेच उत्तर समजावे.

मुलीची गादी तीन बाय सहा फुटांच्या एका तुकड्याऐवजी दोन अर्ध्या तुकड्यांत भरून वर एकच खोळ घालायला हवी होती, असे आजींचे म्हणणे आहे, आणि ते योग्य वाटते. बारा किलोंची गादी पावसाळ्यानंतर आणखी जड लागते, तर सहा किलोंचा तुकडा आई एकटी गच्चीवर नेऊ शकली असती. मधल्या सांध्याचा त्रास होईल ही शंका गादीवाल्याने काढली होती, पण त्यावर घट्ट खोळ असल्यास ती फारशी टिकत नाही.

ॲलर्जीची चाचणी आधी झाली असती तर मुलीची फोमची नवी गादी बदलावी लागली नसती. वास उतरल्यानंतर तीच गादी खोळ घालून वापरता आली असती आणि साधारण चार हजार रुपये वाचले असते. ती आता आजींच्या दिवाणावर, त्यांच्या कापसाच्या गादीखाली गेली आहे. जुन्या दुहेरी फोमची विल्हेवाट मात्र अजून लागलेली नाही. भंगारवाला ती घेत नाही, इमारतीतील कोणाला द्यायची तर तिच्यातील धूळही सोबत जाते, आणि तूर्त ती बाल्कनीत उभी आहे.

रुईची गादी दोन-तीन वर्षांनी दबते आणि पुन्हा पिंजून घ्यावी लागते. कुटुंबाने त्यासाठी दरमहा शंभर रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे, आणि येत्या चैत्रात मुलीची गादी उसवून तिचे दोन तुकडे करून घेण्याचे ठरले आहे.